एकसष्ट मतांचा आमदार

मी, आसाराम रखमाजी सोन्नर, वय वर्षे ७४, धंदा शेती व मेंढपाळी, माजी विधानसभा सदस्य, राहणार मौजे कोळसांगवी, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड, आज घटस्थापनेच्या दिवशी सकाळी माझ्या घराच्या ओसरीवर बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कुणी भरीस घातलेले नाही, कुणाचा धाक नाही, कसली नशा केलेली नाही. हृदय कमजोर पण बुद्धी शाबूत, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बुद्धीबद्दल इतका स्पष्ट दाखला मला पूर्वी कुणी दिला नव्हता.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. जाहीरनामे मात्र पाच काढले. ते सर्व याद्वारे रद्द समजावेत.

कलम १. गावातील चार खोल्यांचे पत्र्याचे घर, त्यातील भांडीकुंडी, कपाट, पिठाची गिरणी व अंगणातील बोअर हे सर्व माझी पत्नी रतनबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला तेथून उठवण्याचा अधिकार कुणालाही नाही. तिच्यामागे ते मुलगा हनुमान याचे. माझ्या निवृत्तिवेतनाचा जो भाग नियमाने पत्नीला मिळतो तो तिने स्वतःच्या हाताने काढावा, अंगठा लावायला कुणाच्या गाडीत बसून जाऊ नये. रतनबाईने माझ्या पाच निवडणुकांत एकूण किती माणसांच्या भाकरी थापल्या याची नोंद कुठे नाही. मी तिला एकदा विचारले होते, "तू मत कुणाला दिलंस गं?" ती म्हणाली, "चुलीपुढून उठले तर देईन ना." ती १९९५ साली मतदानाला गेलीच नव्हती, हे मला सहा वर्षांनी कळले.

कलम २. माझी स्वकष्टार्जित जमीन एकूण अकरा एकर. पैकी विहिरीलगतची तीन एकर बागायत सोडून बाकीची आठ एकर हनुमान याला मालकी हक्काने द्यावी. तीन एकरांचे काय करायचे ते शेवटच्या कलमात लिहीन. मध्ये काही गोष्टी सांगितल्याशिवाय ते कुणाला पटणार नाही.

कलम ३. माझी चौदा मेंढरे व एक बोकड भावकीतल्या ज्याच्याकडे कळप असेल त्याला द्यावीत. विकू नयेत. २००९ ला अनामत जप्त झाल्यावर मी ती घेतली. सोळाव्या वर्षापर्यंत मी वडिलांबरोबर मेंढरांमागे चाललो होतो, साठाव्या वर्षी पुन्हा चालू लागलो. मधली चव्वेचाळीस वर्षे माणसांमागे गेली. पाय तेवढेच दुखले.

कलम ४. विधानसभेतील कामकाजाचे खंड, ओळखपत्र, सभागृहातील फोटो व माझ्या भाषणांची कात्रणे ज्या लोखंडी पेटीत आहेत ती पेटी गावच्या शाळेला द्यावी. खंड उंदरांनी खाल्ले आहेत. पेटी चांगली आहे, त्यात खिचडीचे तांदूळ राहतील. साडेचार वर्षांत मी सतरा प्रश्न विचारले. त्यांतला एकच मला आठवतो: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांनी सहा महिने शाळेचे काय करायचे? मंत्री म्हणाले, बाब तपासून पाहिली जाईल. मी खाली बसलो आणि शेजारच्या आमदाराने शाबासकी दिली. त्या दिवशी कोळसांगवीची निम्मी पोरे फडावर उसाच्या शेंड्यांचे वाढे गोळा करत होती.

सत्कारात मिळालेल्या शाली एकशे दहा-बारा असतील. यंदा तोडीला निघणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटाव्यात. फेटे रतनबाईने गोधडीला वापरावेत.

कलम ५. जीप. ती १९९० ला घेतली, १९९९ पर्यंत चालली आणि मग घरामागे उभी राहिली. भंगारात घालावी. हनुमानने ती रंगवून प्रचाराला काढण्याचा बेत केला आहे असे ऐकतो. तसे करू नये. कारण पुढे आहे.

कलम ६. आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

१९९० ला मी अपक्ष उभा राहिलो आणि पडलो. कारण सोपे होते. निवडणूक हंगामात आली. आमच्या तालुक्यातली माणसे तेव्हा पश्चिमेकडच्या कारखान्यांवर ऊस तोडत होती, गावात म्हातारेकोतारे आणि कुलपे. १९९५ ला निवडणूक पुन्हा हंगामातच आली. या वेळी मी ठरवले की माणसे आणायची. उमेदवाराने मतदार गाडीतून आणणे कायद्यात बसत नाही. सगळेच आणत, आणि कुणी सापडत नसे. मी आणि माझा लहानपणापासूनचा मित्र परमेश्वर मार्कड यांनी तीन ट्रक ठरवले. मुकादमांमार्फत फडावर निरोप गेला: मतदानाला चला, दुसऱ्या दिवशी परत सोडू.

तिसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर बजरंग हा आमच्याच शिवारातला. मतदानाच्या दोन दिवस आधी सकाळी तो दुसरी खेप उतरवून माझ्या दारात आला. डोळे रक्तासारखे लाल. म्हणाला, "आबा, दोन रात्री झोप न्हाई. श्टेरिंगवर डोळे मिटायलेत. तिसरी खेप दुसऱ्या कुणाला सांगा."

मी म्हणालो, "आता दुसरा कुठून आणू? एकच खेप. मग आठ दिवस झोप."

परमेश्वर तिथेच बसला होता. तो म्हणाला, "आसाराम, झोपू दे बे त्याला चार घंटे."

"चार घंट्यांत पन्नास मतं जातात," मी म्हणालो.

बजरंगने हौदावर तोंड धुतले आणि तो गेला. मी त्याच्या पाठीकडे बघितले, हे मला चांगले आठवते. हाक मारावीशी वाटली होती. तेवढ्यात कुणीतरी वाडीवरच्या सभेचे विचारायला आले आणि मी जीपमध्ये बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास नगर जिल्ह्यातल्या एका घाटाच्या उतारावर तो ट्रक उलटला. सेहेचाळीस माणसे होती. नऊ जखमी झाली. एक जागीच गेली. छबुबाई भारत गाडे, वय सव्वीस, राहणार कोळसांगवी.

मी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. सरकारी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली आमच्या गावची माणसे बसली होती, कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात. भारत, छबुबाईचा नवरा, भिंतीला टेकून होता. त्याला खरचटलेही नव्हते. जबाब घेणारा हवालदार आत जेवत होता. म्हणजे मला पाऊण तास मिळाला. त्या पाऊण तासात मी माणसामाणसाजवळ बसून सांगितले: कुणी मतदानाचे बोलायचे नाही. सगळे कपिलधारला दर्शनाला निघालो होतो, गाडी वर्गणी काढून केली, असे सांगायचे. नाहीतर निवडणूक जाईल, खटला होईल, आणि तुमचा कोयता कायमचा मुकादमाकडे गहाण राहील, आपला माणूस पुन्हा उभा राहणार नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी भारतपाशी गेलो. म्हणालो, "भारत, तुझा जबाब पहिला घेतील. कपिलधार सांग."

तो म्हणाला, "आबा, ती पोरीला बघायला यायलती. मत नसतं तरी आली असती. वनमालाला आजीपाशी ठिवलंय दसऱ्यापसून. गाडी फुकट हाय म्हणल्यावर कोयता टाकून पळत आली."

मी म्हणालो, "माहीत आहे. पण कपिलधार सांग."

त्याने तसे सांगितले. हवालदाराने लिहिले. भारतने अंगठा उठवला. त्याला सही येत होती, पण त्या दिवशी त्याने अंगठा दिला. शाईचे बोट त्याने लिंबाच्या बुंध्याला पुसले.

मतदानाच्या दिवशी सकाळी छबुबाईला गावी अग्नी दिला. मी गेलो नाही, मला सांगितले गेले की उमेदवाराने जाणे बरे दिसणार नाही, आणि मीही ते ऐकले. दुपारी चार वाजता भारत शाळेत आला, रांगेत उभा राहिला आणि मत देऊन गेला.

मी एकसष्ट मतांनी निवडून आलो. त्या ट्रकमधून आलेल्यांत मत देणारे बेचाळीस होते. पहिल्या दोन खेपांतली माणसे धरली तर हिशेब आपोआप लागतो. मी तो पुष्कळ वेळा लावला आहे.

मिरवणूक निघाली. ती भारतच्या वस्तीवरून नेऊ नका, एवढे मी सांगितले. त्या वेळी ते मला मोठेपणाचे वाटले होते.

बजरंगला सजा झाली. कोर्टात त्याने माझे नाव घेतले नाही. सुटल्यावर त्याने गाडी चालवली नाही. परळीच्या वीज केंद्रावर ट्रकमध्ये राख भरायला जात असे. तिकडेच वारला.

कलम ७. परमेश्वर मार्कड याच्याविषयी. १९९९ ला तो मला सोडून विरोधकाकडे गेला. त्या वेळेपासून मी त्याला गद्दार म्हणत आलो. सभेत म्हटले, लग्नांत म्हटले, त्याच्या सुनेच्या देखत म्हटले. तो माझ्याविरुद्ध तीन निवडणुका राबला आणि तिन्हींत मी पडलो. माझ्या रस्त्यांच्या कामांबद्दल, माझ्या जातीबद्दल, माझ्या जीपबद्दल तो हजार गोष्टी बोलला. त्या सकाळविषयी एक शब्द बोलला नाही. ते एक वाक्य बोलला असता तर मी २००४ ला उभाच राहू शकलो नसतो. गेल्या सोमवारी मी त्याच्या घरी गेलो. पंचवीस वर्षांनी. त्याने चहा केला. मी विचारले, "का गेलास रे तेव्हा?" तो म्हणाला, "तू पुन्हा गाड्यांची यादी करायला लागलतास." १९९९ ची निवडणूक हंगामाआधी होती, तरी मी यादी केली होती, सवयीने. मला ते आठवतही नव्हते.

परमेश्वरला माझ्या मिळकतीतून काही नको, असे त्याने सांगितले आहे. मी त्याला गद्दार म्हटले ते मागे घेतो. या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला मी त्याला विनंती केली आहे.

कलम ८. भारत गाडे. मी आमदार झाल्यावर त्याला आश्रमशाळेत शिपायाची जागा मिळवून दिली. तेवढ्याने मला झोप लागू लागली. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत तो रजा काढून माझ्या प्रचाराला येई. भिंती रंगवी, सतरंज्या उचली. २००९ ला माझ्याबरोबर सात माणसे उरली होती, त्यांत तो होता. मला वाटे, नोकरीचे उपकार फेडतो आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात तो आजारी पडला. मी भेटायला गेलो. वनमाला पाणी आणायला बाहेर गेली होती. तो म्हणाला, "आबा, बजरंगला मी परळीला जाऊन भेटलतो. लई वर्सं झाली. त्यानं मला सांगितलं, झोप मागितली व्हती म्हून."

मग मी विचारले, "कधी भेटलास?"

"तुमी आमदारकीवरून पडला त्याच्या आदी."

म्हणजे १९९९ च्याही आधी. त्यानंतर तीन निवडणुका तो माझ्यासाठी राबला होता. मी म्हणालो, "मग कावून आलास माझ्यामागं?"

भारतने वर पत्र्याकडे बघितले. म्हणाला, "तुमी कायतरी मोठं काम केलं असतं, तर ती कशापायी गेली ते पोरीला सांगता आलं असतं. दर बारीला वाटायचं, ह्या बारीला व्हईल."

पुढे म्हणाला, "पोरीला म्या कपिलधारच सांगितलंय. आता तुमी सांगा तिला. माझ्यानं न्हाई झालं."

तो चार दिवसांनी गेला. मी दोन वर्षे सांगितले नाही.

कलम ९. हनुमान यास. तू येत्या विधानसभेला उभा राहणार म्हणून मुंबईच्या खेपा घालतोस. मी अडवले नाही आणि आशीर्वादही दिला नाही, म्हणून तू रुसला आहेस. मागच्या पंधरवड्यात तू माझ्यापाशी मुकादमांची नावे मागितलीस. म्हणालास, "मतदान दिवाळीनंतर येणार, आबा. टोळ्या फडावर असत्याल. गाड्यांचं आत्ताच बघावं लागंल." मी विचारले, "गाडीमागं ड्रायव्हर किती?" तू हसलास. "एका गाडीला किती असत्यात?"

त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. तू वाईट नाहीस. मीही तुझ्याएवढा असताना वाईट नव्हतो.

तर माझे नाव, माझा फोटो, माझी शिट्टीची निशाणी आणि 'आबांचा वारसा' हे शब्द कोणत्याही फलकावर, पत्रकावर वा गाडीवर वापरू नयेत. ती माझी मिळकत आहे आणि ती मी कुणालाही देत नाही. हा कागद बाहेर आल्यावर तुझे तिकीट जाईल. ते मला ठाऊक आहे, आणि तरी लिहीत आहे. तू मला माफ केले नाहीस तरी आठ एकर तुझीच आहे.

कलम १०. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. लाऊडस्पीकर लावू नये. कुणी पुढारी आल्यास त्याला पाणी द्यावे, माईक देऊ नये.

कलम ११. विहिरीलगतची तीन एकर बागायत, विहिरीच्या पाण्याच्या हक्कासह, वनमाला भारत गाडे, वय ३५, अंगणवाडी सेविका, राहणार कोळसांगवी, हिला मालकी हक्काने द्यावी, असे मी आधी लिहिले होते. कच्चा कागद झाला, तेव्हा परवा दुपारी मी तिला अंगणवाडीत जाऊन भेटलो. मुले घरी गेली होती, ती हजेरी भरत होती. मी खालीच बसलो आणि कलम ६ वाचून दाखवले. माझा चष्मा दोनदा पुसावा लागला.

'ती पोरीला बघायला यायलती' इथे आलो तेव्हा तिने पेन खाली ठेवले.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचले.

"सहा वर्साची व्हते मी," ती म्हणाली. "चार म्हयने आईची वाट बघितली. मग सांगितलं, ती देवाला निघालती, वाटंत गेली. माझ्याकडं यायचं सोडून देवाला कावून गेली, ह्याचा राग धरून मी मोठी झाले, आबा. लोकं मतदानाचं काय काय बोलायचे. बापाला इचारलं की बाप म्हणायचा, कपिलधार. मी आजपत्तोर तिच्या वर्सश्राद्धाला हात जोडले न्हाईत."

मी जमिनीचे सांगितले. ती म्हणाली, "जमीन नंतर बघू. हे तुमी मेल्यावर वाचणार व्हय?"

मी म्हणालो, "मृत्युपत्र तसेच असते, पोरी."

"मेल्यावर तुमाला कोण इचारायला येणार हाय?" तिने हजेरीपट बंद केला. "ज्या माणसांनी तुमचं ऐकून खोटं सांगितलं, त्यातली निम्मी अजून जित्ती हायत. तोंड मिटून बसलीत तीस वर्सं. त्यांच्यापुढं वाचा. सगळे तोडीला जायच्या आदी वाचा. मग मी जमीन घेते, न्हाईतर नको."

मी घरी आलो आणि रतनबाईला सांगितले. तिने निवडत असलेली डाळ बाजूला ठेवली. मग म्हणाली, "जावा मग. मी येते संगं."

म्हणून शेवटची तजवीज अशी: कलम ६ ते ८ मधील मजकूर माझ्या मृत्यूची वाट बघणार नाही. शनिवारी, दसऱ्याच्या दिवशी, सीमोल्लंघन करून गाव मारुतीच्या पारावर जमेल, तेव्हा मी तो स्वतः उभा राहून वाचीन. तोवर हृदयाने दगा दिला तर रतनबाईने तो कुणाकडून तरी वाचून घ्यावा, पण दिवस बदलू नये. त्यानंतर मी या मजकुराची नक्कल पोलिसांकडे देईन. तीन एकर वनमालाची. तिने ती विकावी, पेरावी, पड टाकावी, तिला कुणी विचारू नये.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून निवृत्त मुख्याध्यापक सोमेश्वर देवकाते यांना नेमतो. त्यांनी हा कागद वाचला तेव्हा लाल शाईने माझ्या तीन चुका दुरुस्त केल्या. त्या मान्य आहेत.

वर लिहिलेले मी पुन्हा वाचले. यातला कोणताही शब्द मला निवडून यायचे आहे म्हणून लिहिलेला नाही.

ठिकाण: कोळसांगवी, ता. शिरूर कासार, जि. बीड
दिनांक: ३ ऑक्टोबर २०२४

सही: आसाराम रखमाजी सोन्नर

साक्षीदार १: सोमेश्वर ज्ञानोबा देवकाते, निवृत्त मुख्याध्यापक, रा. शिरूर कासार. आसाराम यांनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते.

साक्षीदार २: परमेश्वर बळीराम मार्कड, शेतकरी, रा. कोळसांगवी. सही माझ्यासमोर झाली. कलम ६ मधील सकाळी मी त्या ओसरीवर हजर होतो. चार घंटे मी मागितले, पण उठून गाडीची चावी काढून घेतली नाही. शनिवारी पारावर मीपण उभा राहीन.